आखडता हात

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा आणि बुद्धी शाबूत राहिली. याला दैवाची कृपा म्हणावे की थट्टा, हे त्या दिवसांत आम्हांला ठरवता येत नसे. कारण आपल्या देहाची काय अवस्था झाली आहे, हे ते पूर्णपणे जाणत होते. रुग्णालयातून घरी आल्यावर वहिनींनी त्यांची सेवा आरंभिली. पहाटे उठून त्यांचे तोंड धुवावे, चहा पाजावा, अंग पुसावे, सदरा घालून त्याच्या गुंड्या लावाव्या, घास भरवावा, असा त्यांचा दिवस चाले. दादांना बोटही हलवावे लागत नसे, आणि या गोष्टीचे आम्हां सर्वांना मोठे कौतुक वाटे.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या एक तरुण बाई घरी येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या काही न करता नुसत्या बघत बसल्या. वहिनी गुंड्या लावू लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही लावू नका. त्यांना लावू द्या." दादांनी डाव्या हाताने सदऱ्याची पट्टी जमेल तशी धरायची आणि उजव्या हाताने गुंडी काजात घालायची, असे ठरले. दोन गुंड्यांना वीस मिनिटे लागली. दादांच्या कपाळावर घाम आला; पट्टी तीनदा हातातून निसटली; एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणीही आले. वहिनींचा हात दोन वेळा पुढे झाला आणि दोन्ही वेळा त्या बाईंनी तो हळूच धरून मागे घेतला. शेवटी वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेलो तेव्हा म्हणाल्या, "भावजी, मी काय त्यांची वैरीण आहे, असं नुसतं बघत बसायला?"

त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुर्बळाला साहाय्य करणे हा धर्म, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग साहाय्य करण्याची शक्ती असून, इच्छा असून, ते न करणे हाही धर्म होऊ शकतो काय? आणि होत असेल, तर निष्ठुरपणापासून तो वेगळा ओळखावा कसा? हात आखडता घेणे हा आपल्या भाषेत कृपणाचा दोष आहे. इकडे दादांचा डावा हात कोपरात दुमडून, बोटे मुठीत वळून दिवसेंदिवस आखडत चालला होता, आणि तो मोकळा व्हावा म्हणून आम्ही आपले हात आखडते घ्यावेत, असे आम्हांला सांगण्यात येत होते.

प्रश्न नीतीचा खरा. पण त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घेणे अवश्य आहे. पक्षाघातात स्नायू मरत नाहीत. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तेथे रक्तस्राव होतो, आणि त्या भागाकडून हातापायांना जाणारी आज्ञा थांबते. मेंदूचे शाबूत राहिलेले भाग गेलेल्या भागाचे काही काम कालांतराने शिकू शकतात. परंतु मेंदू जे करतो तेच शिकतो. जे त्याच्याकडून कोणी करवून घेत नाही, ते शिकण्याचे त्याला कारण उरत नाही.

या ज्ञानाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८९५ साली इंग्लंडात मॉट आणि शेरिंग्टन या दोघा शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा कापल्या. हालचालीची आज्ञा नेणाऱ्या नसांना धक्का लावला नव्हता. तरीही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. संवेदना नसेल तर हेतुपूर्वक हालचाल होत नाही, असा निष्कर्ष त्यावरून निघाला आणि तो दीर्घकाळ मान्य राहिला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी अशा माकडाचा चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा निकामी ठरलेला हात कामाला लागला. हात गेला नव्हता. आरंभी त्याने केलेले सारे प्रयत्न फसले होते, चांगल्या हाताने काम भागत होते, आणि म्हणून तो न वापरण्याची सवय जडली होती.

हीच रीत मग माणसांवर योजली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने लोटलेले २२२ रुग्ण होते. त्यांतील एका गटाच्या चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा चढवला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून काम करवून घेतले. वर्षानंतर पाहिले तेव्हाही या गटाचा हात दुसऱ्या गटाच्या हातापेक्षा अधिक कामाचा होता. ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी हलत होती अशांचीच या चाचणीसाठी निवड केली होती, हे मात्र विसरता कामा नये. आणखीही एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या माकडांवर हे ज्ञान उभे आहे, त्यांच्या हालांवरून १९८१ साली टॉब यांच्यावर खटला झाला. अपिलात दोषसिद्धी टिकली नाही; पण दुसऱ्या जिवाच्या यातनेचे हे ऋण कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने फिटणारे नाही. बऱ्या झालेल्या प्रत्येक हातामागे ते उभे आहे.

पाठीच्या दुखण्याची कथाही याच जातीची. कंबर धरली की अंथरूण धरावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सल्ला. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली, तेव्हा सात दिवस पडून राहणाऱ्यांना जास्त काही लाभ झाल्याचे दिसले नाही. कामाचे दिवस मात्र त्यांचेच अधिक बुडाले. १९९५ साली फिनलंडातील पाहणीत तर असे आढळले की, दुखणे सोसवेल इतपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणात पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. साध्या कंबरदुखीपुरतेच हे बोलणे आहे. हाड मोडले असेल किंवा नस दबून पायातले बळ जात असेल, तर गोष्ट निराळी. परंतु ज्याला आपण मायेने 'पडून राहा' म्हणतो, त्याचे आपण नकळत नुकसान करीत असतो, एवढे यावरून निश्चित होते.

हे सर्व कळल्यावर मला आमच्या घरातील सेवेकडे नव्या दृष्टीने पाहावे लागले. आम्ही दादांविषयी कसे बोलत होतो ते मला आठवू लागले. त्यांना उठवले, बसवले, भरवले, निजवले. प्रत्येक वाक्यात कर्ता आमच्यापैकी कोणीतरी, आणि दादा केवळ कर्म. शाळेत व्याकरण शिकताना प्रयोजक क्रियापद म्हणून जे शिकलो, ते हेच: करणारा एक आणि करवणारा दुसरा. 'आई मुलाला चालवते.' त्याच धड्यात पुढे शक्य क्रियापद येई: 'मुलाला आता चालवते.' रूप अक्षरशः एकच. पहिल्या वाक्यात चालवणारी आई आहे. दुसऱ्यात आई नाहीशी झाली आहे आणि मुलाच्या अंगी चालण्याची शक्ती आली आहे. लहानपणी हा मला मराठी व्याकरणाचा घोटाळा वाटे. आता वाटते, भौतिकोपचाराचे सारे शास्त्र या दोन वाक्यांमधल्या अंतरात मावते. पहिल्या वाक्यातून रुग्णाला दुसऱ्या वाक्यात नेऊन सोडायचे आणि आपण वाक्यातून निघून जायचे, हे त्याचे काम. आमची सेवा पहिल्याच वाक्यात मुक्काम ठोकून बसली होती.

येथे कोणी म्हणेल, हे युक्तिवाद ठीक आहेत. पण दुसऱ्याच्या हिताचे नाव घेऊन त्याला कष्ट देण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? हिताच्या नावाखाली जगात काय काय केले जाते, हे आपण पाहतोच. आक्षेप खरा आहे, आणि रुग्ण प्रौढ असल्यामुळे तो अधिकच खरा आहे. मूल चालायला शिकते तेव्हा पडण्याची त्याला लाज नसते. पडणे हा त्याच्या खेळाचाच भाग असतो. साठीच्या माणसाला आपण कालपर्यंत कसे चालत होतो ते आठवत असते. त्याची प्रत्येक अडखळ त्या आठवणीपुढे उभी राहते, आणि ती बायकोमुलांच्या देखत. म्हणून प्रौढाला मुलासारखे 'शाब्बास, आणखी एकदा' म्हणून चालत नाही. तो कष्ट करील तर ते स्वतःच्या एखाद्या हेतूसाठी; आपल्या हेतूसाठी त्याच्याकडून ते करवून घेणे म्हणजे वेठ होय.

'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्याला मागाहून आला. आम्ही मागाहून आलेल्या अर्थाने शुश्रूषा पुष्कळ केली. मूळच्या अर्थाने केलीच नव्हती. दादांना काय हवे आहे, हे आमच्यापैकी कोणी विचारलेच नाही. ते त्या बाईंनी विचारले. आम्हांला वाटले, ते म्हणतील, पूर्वीसारखे फिरायला जाता यावे. दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "संडासात एकट्याला जाता आलं पाहिजे. दार लावून." त्या दिवसापासून उपचारांचा क्रम बदलला. खाटेच्या कडेला बसणे, दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उठणे, वळणे, भिंतीच्या दांडीला धरणे, खाली बसून पुन्हा उठणे, हे रोज होऊ लागले. कष्ट पूर्वीपेक्षा वाढले; पण आता ते दादांचे स्वतःचे कष्ट होते. गुंड्यांच्या वेळी दिसलेले डोळ्यांतले पाणी पुन्हा दिसले नाही. चिडणे मात्र वाढले, आणि ते मला सुचिन्ह वाटले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, कष्ट हेच औषध आणि जितके अधिक तितके उत्तम. तपश्चर्येविषयी आदर असलेल्या आपल्या मनाला हा विचार फार लवकर पटतो. म्हणून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचा उल्लेख येथे करतो. तीत पाच देशांतील २१०४ रुग्ण होते. पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत अंथरुणातून उठवून एका गटाकडून अधिक वेळा आणि अधिक काळ हालचाल करवून घेतली. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार दिले. तीन महिन्यांनी पाहता पहिल्या गटाची स्थिती थोडी वाईटच निघाली. अतिप्रयत्नानेही अपाय होतो, आणि तो केव्हा होतो हे ओळखण्यासाठी केवळ निर्धार पुरत नाही, ज्ञान लागते.

निर्धाराचे स्तोत्र गाणाऱ्यांकडून आणखी एक अन्याय घडतो. जो बरा होत नाही त्याच्याकडे ते बोट दाखवतात. 'हा मनावरच घेत नाही,' हे वाक्य किती घरांतून ऐकू येत असेल! मेंदूतून निघणारी वाटच समूळ तुटली असेल, तर मनावर घेऊन काय होणार? ज्याचा हात गेला त्याच्या माथी आळसाचा दोषही मारणे, हे गुंड्या लावून देण्यापेक्षा किती तरी अधिक क्रूर आहे. स्वावलंबनाचा अर्थ 'सारे काही स्वतःच्या हाताने' असा केला, तर ज्याला ते कधीच जमणार नाही त्याला माणसांतून उठवल्यासारखे होते.

या ठिकाणी मला डॉ. मेरी व्हर्गीस यांचे चरित्र आठवते. १९५४ साली वेल्लोरच्या या तरुण डॉक्टर मोटार-अपघातात सापडल्या आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. त्या पुन्हा कधी चालल्या नाहीत. परंतु चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. या शस्त्रक्रियेत चांगल्या स्नायूची दोरी काढून निकामी झालेल्या ठिकाणी जोडतात. मग त्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते, आणि ते काम भौतिकोपचाराचे. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन वेल्लोरला त्या विभागाची धुरा वाहिली. १९६६ साली तेथे रुग्णांना ठेवून घेऊन पुनर्वसन करणारी संस्था उभी राहिली. त्यांना उचलून खुर्चीत बसवावे लागे, यात काही कमीपणा होता काय? पायांनी साथ सोडली तरी आपल्या आयुष्याच्या वाक्यातले कर्तेपण त्यांनी सोडले नाही. म्हणजे कर्तेपण चालण्यात नाही. काय करायचे, कोणाची मदत घ्यायची आणि कोठे घ्यायची, हे ठरवण्यात ते आहे.

आता वहिनींच्या बाजूने दोन शब्द लिहिले पाहिजेत. नाहीतर या लेखात सारा दोष प्रेम करणाऱ्या माणसाच्याच पदरी पडेल. आपल्या देशात भौतिकोपचाराचे रीतसर शिक्षण सुरू होऊन फार काळ लोटलेला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाले, आणि हाजीअलीची पुनर्वसनसंस्था १९५५ सालची. तेव्हापासून विद्यालये पुष्कळ झाली. तरी खेड्यातल्या रुग्णाला आजही त्यासाठी शहर गाठावे लागते. एकदा नव्हे, आठवड्यातून दोनतीनदा, तेही अर्धे अंग लुळे असताना, एका माणसाची मजुरी बुडवून आणि मोटारीचे भाडे भरून. साहजिकच असा विचार पुढे आला की, घरच्या माणसालाच शिकवावे. २०१४ ते २०१६ या काळात भारतातील चौदा रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हा प्रयोग करून पाहिला. एका गटातील रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा यांचे शिक्षण दिले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते.

या निष्कर्षाने घरच्यांची माया व्यर्थ ठरत नाही. परंतु अनेक वर्षे शिकून हाताला जे कळते, ते थोड्या दिवसांच्या शिकवणीने सुनेच्या किंवा पत्नीच्या हाती देता येईल, ही आशा फोल ठरते. रोगी घरी आला की त्याचा भार घरातल्या बाईने वाहायचा, हा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. तिने सर्व काही केले तर 'परावलंबी केलेस' म्हणायचे, आणि मागे राहिली तर 'हात झटकलेस' म्हणायचे. वहिनींना उत्तर देताना मी जर एवढेच म्हणालो असतो की, 'मदत न करणे हीच खरी मदत,' तर ते सुभाषित झाले असते; उत्तर झाले नसते. कारण मदत करू नये हे सांगायला आणि केव्हा करावी हे दाखवायला त्या बाई आमच्या घरी येत होत्या. त्यांचे शुल्क देण्याची आमची ऐपत होती. जेथे कोणीच येत नाही, तेथे हे तत्त्वज्ञान सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे महत्त्व पटवण्यासारखे आहे.

म्हणून आखडत्या हाताचे दोन प्रकार मानले पाहिजेत. एक त्या तरुण बाईंचा. तो दादांच्या कोपराखाली चार बोटांवर थांबलेला असे. तोल गेला तर क्षणात टेकू देई, तोल सावरला की पुन्हा दूर होई. त्याला न करण्याचे श्रम पडत, आणि ते करण्याच्या श्रमांहून कमी नव्हते. दुसरा हात समाजाचा आणि शासनाचा. तो जवळ नसतोच; आणि आपल्या गैरहजेरीला तो स्वावलंबनाची शिकवण असे नाव देतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही काही करीत नाहीत. पडणाऱ्याला त्यांतील भेद कळतो. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. न करणे हा धर्म होतो तो तीन गोष्टी असतील तरच: ज्याच्यासाठी न करायचे त्याचा हेतू विचारलेला असावा, त्याच्या अंगी काय उरले आहे याचे ज्ञान असावे, आणि आपण जागेवरून हललेले नसावे. यांतील एक जरी गळाली तरी मागे राहते ती केवळ कंजुषी, मग ती पैशाची असो वा मायेची.

दादा पूर्ण बरे झाले नाहीत; होतील असे आता कोणी म्हणतही नाही. डाव्या हाताची पकड आली, पण बोटांतले कौशल्य आले नाही. काठी घेऊन ते घरात फिरतात. संडासाचे दार लावून घेतात, आणि वहिनी बाहेर पुस्तक वाचत असल्याचे सोंग करतात. सकाळी सदऱ्याच्या खालच्या चार गुंड्या ते स्वतः लावतात. गळ्याजवळची लागत नाही. पट्टी तेथे डाव्या हातात येत नाही. पूर्वी वहिनी न विचारता सगळ्या गुंड्या लावीत. आता त्या वाट पाहतात. दादा चौथी गुंडी लावून झाली की मान वर करून म्हणतात, "वरची तेवढी लाव." मग वहिनी ती लावतात.